लक्ष्मीचं सोवळं

कागद जपायचा असेल तर माणसानं बिकानेरला जन्म घ्यावा. तेवढं लांब जमत नसेल तर निदान सोलापूरला. सोलापुरात कागद पिवळा पडेल, घडीवर मोडेल, पण त्याला बुरशीची लव फुटणार नाही. आम्ही पडलो लोणावळ्याचे. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या पाच-सहापट, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकला जातो. या काळात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, काडेपेटीतली काडी पेटण्याऐवजी वाकते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवळ उगवते आणि भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसलेला पर्यटक कणीस खात म्हणतो, "काय वातावरण आहे ना!" अशा वातावरणात मी जुनी छापील चित्रं जमवतो.

जमवतो म्हणजे फार काही नाही. रविवर्मा प्रेसची काही ओलिओग्राफं (तैलचित्राचा भास देणारी छापील चित्रं), पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची थोडी, आणि बाकी जुनी कॅलेंडरं. कॅलेंडरांवर वर देव, खाली साबण किंवा ग्राइप वॉटर. येणारा-जाणारा विचारतोच, "हा उद्योग लोणावळ्यात कशाला?" याला माझं उत्तर तयार असतं. चित्रं मी लोणावळ्यात आणलेली नाहीत. ती इथलीच आहेत. फिरून फिरून माहेरी आली आहेत, एवढंच.

मळवली स्टेशनावर लोकलमधून उतरणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना लोहगडाची वाट माहीत असते, भाज्याची लेणी माहीत असतात, धबधबा तर माहीत असतोच. पण आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी, ती कमळात उभी, चार हातांची, शेजारी हत्ती असलेली, याच परिसरात छापली जात होती, हे सांगितलं की ते आपल्याकडे गाइड समजून बघतात. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत गिरगावला छापखाना काढला. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं. मग छापखाना घाटकोपरला गेला. १८९६ पासून मुंबईत प्लेगनं थैमान मांडलं होतं, आणि १८९९च्या सुमारास सगळा बाडबिस्तरा घाट चढून मळवलीला आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यानं तो फ्रिट्झ श्लायशर नावाच्या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. चित्रांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं इंग्रजीत छापलेलं असतं. ते अक्षर दिसलं की मला घरचं पत्र आल्यासारखं वाटतं.

यातली गंमत बघा. मावळात कशाचा तुटवडा नसेल तर तो दगडाचा. कार्ला, भाजे, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, सगळा दगडच दगड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी तो कोरून चैत्य उभे केले. आणि या भागात दगडावरून चित्रं छापायची म्हटल्यावर दगड कुठून आणला? जर्मनीतून! कारण शिळाछापाला लागतो तो बव्हेरियातला गुळगुळीत, बारीक कणांचा चुनखडीचा दगड. आपला काळा कातळ मावळ्यांना चालला, लक्ष्मीला चालला नाही.

शिळाछापाची सगळी विद्या तेल आणि पाण्याच्या भांडणावर उभी आहे. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर तेलकट शाई फिरवायची. शाई चित्राला चिकटते, ओल्या भागाला शिवत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गुलाबी, पिवळा, निळा, अंगाचा, सावलीचा असे एकामागून एक रंग चढवत तोच कागद पुन्हा पुन्हा दगडावर घालायचा, शेवटी वर रोगण फिरवायचं आणि कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून खरबरीत दाबही द्यायचा. आता कागदाचा स्वभाव असा, की दमट हवेत तो फुगतो आणि कोरड्या हवेत आवळतो. दोन रंगांच्या मध्ये कागद केसभर जरी फुगला, तरी पुढचा रंग आपल्या जागी बसत नाही. सरस्वतीच्या ओठांचा लाल हनुवटीवर येतो, दमयंतीच्या साडीचे काठ साडी सोडून हंसाकडे निघतात. आणि हे काम चालायचं कुठे, तर मळवलीला. जुलैत. रविवर्मा थोरच, वाद नाही. पण आषाढातल्या मळवलीत लक्ष्मीचं कुंकू बरोबर दोन भुवयांच्या मध्ये बसवणाऱ्या त्या कारागिरांना मी नमस्कार आधी करतो. दादासाहेब फाळके काही काळ या छापखान्याच्या कामात होते. पुढे १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ज्यानं छपाई केली, त्याला सिनेमा काय अवघड?

हे कागद छापणाऱ्यांनी जपण्यासाठी छापलेच नव्हते. ते वापरण्यासाठी होते. तोवर लक्ष्मीचं दर्शन घ्यायचं तर बहुतेकांना देऊळ लागायचं, आणि देवळाच्या उंबऱ्याच्या आत कोणी यायचं हे ठरवणारे लोक उंबऱ्यावरच उभे असायचे. छापखान्यानं हा उंबराच काढून टाकला. मुंबईच्या मोतीबाजारात अनंत शिवाजी देसाई यांच्या दुकानातून चित्रं निघायची ती कुठल्याही जातीच्या, कुठल्याही खोलीच्या भिंतीवर जायची. चाळीत, गिरणीत, पेढीवर, न्हाव्याच्या दुकानात. मग त्या लक्ष्मीला रोज उदबत्ती, समईची काजळी, दिवाळीला ओल्या बोटानं कुंकू. बायकांनी हौसेनं तिच्या साडीवर खऱ्या टिकल्या आणि जर शिवली. माझ्याकडे अशी एक सरस्वती आहे. तिच्या पदराला कोणीतरी सुईनं इतक्या टिकल्या लावल्यात, की तिला दुसऱ्या चित्राखाली ठेवता येत नाही. टिकल्या वरच्याला टोचतात. एकदा आमच्या सरस्वतीनं वरच्या विश्वामित्राच्या दाढीला भोकं पाडायला घेतली होती, तेव्हापासून तिला स्वतंत्र खोका आहे.

असं शंभर वर्षं लोकांत मिसळलेल्या देवाला मी घरी आणून सोवळ्यात बसवलंय. माझ्या चित्रांच्या खोलीचे नियम आमच्या पणजीच्या स्वयंपाकघरापेक्षा कडक आहेत. हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून आत यायचं. चहा बाहेर. ओली छत्री बाहेर. केसांना तेल लावून आलेल्यानं चित्रावर वाकायचं नाही. कागद एका हातानं उचलायचा नाही, दोन्ही हातांनी, आरतीचं तबक धरावं तसा. बोट लावून "हे काय हो?" विचारायचं नाही, लांबून विचारायचं. कुंकू, हळद, अक्षता, फुलं, उदबत्ती, ज्या ज्या गोष्टी देवाला चालतात त्या सगळ्या इथे वर्ज्य.

आईला हे पटत नाही. ती दारातूनच म्हणते, "अरे, लक्ष्मीला काय कोंडून ठेवतोस? दिवा नाही, बत्ती नाही."

"आई, दिव्याच्या काजळीनं कागद काळा पडतो."

"मग इतकी वर्षं ज्यांनी दिवा लावला त्यांच्या घरची कशी टिकली?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे. ज्यांची टिकली नाहीत, ती दिसत नाहीत. पण हे उत्तर आईला देण्याची शास्त्राची हिंमत नाही.

चित्राचा पहिला शत्रू पाऊस, हे सगळे सांगतात. माझ्या मते पहिला शत्रू फ्रेमवाला. पाऊस निदान चार महिने येतो, फ्रेमवाल्याचं काम बारमाही चालतं. आमच्याकडचा एक फ्रेमवाला फार प्रेमळ. चित्र दिलं की आधी ते सपाट व्हावं म्हणून खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवतो. खळ म्हणजे शिजवलेलं पीठ. ती वाळली की कसरीला आमंत्रण गेलंच. मग पुठ्ठ्यामागे प्लायवूड, त्यातून आम्ल सुटतं आणि कागद मागून तपकिरी होत जातो. चित्र चौकटीपेक्षा मोठं निघालं तर तो कडा कापतो, म्हणजे 'कार्ला-लोणावळा' आधी जातं. वर काच थेट चित्राला भिडवतो. आणि ओलिओग्राफवर रोगण असतं, ते दमट हवेत काचेला असं बिलगतं की पुढे काच काढायला गेलं तर लक्ष्मीचा चेहरा काचेबरोबर येतो.

मी त्याला म्हटलं, "काच आणि चित्रात थोडी जागा सोड. मध्ये जाड माउंट घाल, आम्ल नसलेला."

तो म्हणाला, "काका, जागा सोडली तर धूळ जाईल."

"मागून बंद कर ना."

"मागून बंद केली तर हवा कशी जाणार?"

म्हणजे धूळ जाऊ नये आणि हवा जावी. दोन्ही मागण्या रास्त होत्या, त्यामुळे मी गप्प बसलो. तेवढ्यात तो उजळून म्हणाला, "काका, त्यापेक्षा लॅमिनेशन करून देऊ? कायमचं टेन्शन संपेल." टेन्शन संपतं हे खरं. चित्रही संपतं. गरम प्लास्टिकच्या दोन थरांत एकदा कागद गेला की तो परत बाहेर येत नाही.

चौकटीपेक्षा आडवं ठेवणं बरं. मोठा खोका किंवा खण, दोन चित्रांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद, गुंडाळी करायची नाही, घडी तर नाहीच. खोका जमिनीवर नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकून तर मुळीच नको, कारण आमच्या पश्चिमेच्या भिंतीला जुलैत घाम येतो. लाकडी कपाट घ्यावं तर वाळवी, शिवाय नव्या लाकडाचा वास म्हणजेही आम्लच. लोखंडी कपाट घ्यावं तर बाहेर गारवा वाढला की त्याच्या आतल्या बाजूला दव साचतं. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असली की कागद सुखात असतो. पासष्ट-सत्तरच्या वर बुरशी संसार मांडते. आणि जुलैत आमच्या दिवाणखान्यातला आर्द्रतामापक नव्वदीच्या पुढे जाऊन तिथेच बसून राहतो.

जुन्या लोकांनी कपाटात दिवा लावायची युक्ती सांगितली. खालच्या कप्प्यात चाळीस वॅटचा बल्ब, त्याच्या ऊबेनं आतली हवा कोरडी राहते. मी बाजारात गेलो.

"चाळीसचा पिवळा बल्ब आहे?"

"काका, आता एलईडी घ्या. अजिबात गरम होत नाही."

"मला गरम होणाराच पाहिजे."

दुकानदारानं मागच्या फळीवरून धुळीतला बल्ब काढून दिला, पण पैसे घेताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. कोंबडीची पिल्लं उबवतात का, असं त्यानं फक्त विचारायचं ठेवलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, कागदाच्या कपाटात बल्ब? मळवलीच्या छापखान्याचं काय झालं ते तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

तिचं बरोबर होतं. सात-आठ दशकं दर आषाढात पाण्याशी झगडणारा तो छापखाना १९७२ साली पाण्यानं गेला नाही. आगीनं गेला. चित्रं जळाली. चार हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात! बल्ब परत धुळीत गेला.

मग आलं सिलिका जेल. निळे दाणे. ओल शोषली की गुलाबी होतात, आणि तापवले की पुन्हा निळे. कागदावर वाचायला ही व्यवस्था फार छान वाटते. प्रत्यक्षात लोणावळ्यात सकाळी ठेवलेले निळे दाणे गुलाबी व्हायला फार वेळ घेत नाहीत, आणि मग माणूस गॅससमोर उभा राहून दाणे भाजत बसतो. निळ्या दाण्यांतलं कोबाल्ट विषारी, त्यामुळे त्याची कढई वेगळी ठेवावी लागते. बायकोनं कढईच्या कानाला लाल दोरा बांधला आणि ती बाल्कनीत बाहेर बसवली. आमच्या घरात विटाळ पाळण्याची प्रथा दोन पिढ्यांपूर्वी बंद झाली होती, ती या कढईपासून पुन्हा सुरू झाली. शेजारच्या वहिनी एकदा खिडकीतून म्हणाल्या, "भावजी, आज साबुदाणा तुम्ही करताय वाटतं! गुलाबी कसा?"

शेवटी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घेतलं. खोली बंद करायची, यंत्र चालू, सकाळी खालची टाकी ओतायची. ती टाकी पहिल्यांदा ओतताना मी गहिवरलो. एवढं पाणी आम्ही आजवर श्वासातून पीत होतो. यंत्राचा एकच दोष. ते विजेवर चालतं, आणि लोणावळ्यात ज्या रात्री हवेत सर्वांत जास्त पाणी असतं नेमकी त्याच रात्री लाइट जाते.

डांबरगोळ्यांबद्दल लोकांच्या मनात श्रद्धा आहे. त्यांचा वास किड्यांपेक्षा पाहुण्यांना लवकर पळवतो, हा उपयोग मी नाकारत नाही; बुरशी मात्र त्यांना विचारतसुद्धा नाही. त्यापेक्षा पोथ्यांच्या बासनात जुनी माणसं वेखंडाचा तुकडा ठेवायची ते बरं, निदान घराला पोलीस ठाण्याच्या कोठारासारखा वास येत नाही.

या सगळ्या शत्रूंत सर्वांत हसतमुख शत्रू म्हणजे मुंबईचा पाहुणा. माझा मेहुणा श्रावणात सहकुटुंब येतो. एका सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा यंत्राची घरघर ऐकून त्यानं चित्रांच्या खोलीचं दार उघडलं, आर्द्रता मोठ्या कष्टानं पंचावन्नवर आलेली पाहिली असेल नसेल, आणि खिडकी सताड उघडून टाकली. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर खोलीत ढग. खरोखरचा, ड्यूक्स नोजच्या कड्याकडून निघून सरळ आमच्या घरी आलेला. खणाच्या काठावरून तो आत उतरत होता आणि मेहुणा मोबाइल धरून त्याचं चित्रीकरण करत होता.

"भावोजी, अहो धुकं घरात येतंय! आम्ही यासाठी हॉटेलला पैसे मोजतो!"

मी खिडकी लावली. त्यानं चित्रीकरणात तेही घेतलं. ते पुढे नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं, आणि टॉवेलमधला एक माणूस ढगाला घराबाहेर काढतोय म्हणून फार लोकप्रिय झालं.

बायकोची बहीण तळेगावला राहते. लोकलनं लोणावळ्याहून निघालं की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत स्टेशनागणिक पाऊस कमी होत जातो, आणि तळेगावात उतरताना छत्री काखेत मारता येते. तिनं मोठ्या मनानं सांगितलं, "पावसाळ्यापुरती चित्रं माझ्याकडे ठेवा. माळा रिकामाच आहे." माळा पत्र्याखाली. तिथे बुरशी येणार नाही हे खरं, पण एप्रिलात तिथे ठेवलेली मेणबत्ती आडवी झोपते. शिवाय तिच्या घरात उजेड फार. उजेडात छापील चित्रातले तांबडे-पिवळे रंग आधी उडतात आणि निळा मागे राहतो. दुकानात उन्हासमोर लावलेली कॅलेंडरं बघा, त्यातला प्रत्येक देव शेवटी कृष्णच होतो.

आईशी तह झाला तो दिवाळीत. आश्विन संपत आला की लोणावळ्याची हवा शहाणी होते. पावसाळ्यानंतर पोथ्यांना वारा द्यायची जुनी चाल आहे, आणि त्यात चोख शहाणपण आहे: बासन सोडायचं, पानं सुटी करायची, सावलीत हवा द्यायची, कसर-बुरशी दिसते का ते पाहायचं, मऊ ब्रशनं झटकायची. मी तेच चित्रांना करतो. आईचा मुहूर्त लक्ष्मीपूजनाचा. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कपाटातली लक्ष्मी बाहेर येते, चित्र आणि काच यांच्या मधल्या मोकळ्या जागेसह पाटावर बसते, आणि आई काचेवर कुंकू लावते. समई दोन हात लांब. उदबत्ती बाल्कनीत, कढईशेजारी. आईला वाटतं तिनं मला देवपूजेला लावलं, मला वाटतं मी तिच्याकडून वार्षिक तपासणी करून घेतली. दोघंही खूश असतो.

आता एक विनंती. आपल्याकडे देवाच्या फोटोची काच फुटली की तो घरात ठेवत नाहीत. पिंपळाखाली, वडाच्या पाराला टेकवून ठेवतात किंवा नदीत सोडतात. इंद्रायणीला आधीच पुरेसं काम आहे. पाराला टेकवलेल्या फोटोला पहिल्याच सरीत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. काच फुटली म्हणजे देव फुटत नाही, थोड्या पैशांत नवी काच बसते. तेव्हा फोटो बाहेर ठेवायच्या आधी तो उलटा करा, मागचा पुठ्ठा हळूच सोडवा आणि चित्राची खालची कड बघा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरात कार्ला-लोणावळा दिसलं, तर सेलोटेप लावू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका आणि लॅमिनेशनवाल्याकडे तर चुकूनही नेऊ नका. एका सपाट खोक्यात कोऱ्या कागदात ठेवून द्या आणि जवळच्या संग्रहालयात विचारा. ते नाही म्हणाले तर लोणावळ्याला घेऊन या. दसऱ्यानंतर या, हात कोरडे करून या, आणि आल्यावर खिडकीला हात लावू नका.